मेंदूला मार लागल्यानंतरची थेरपी: या चुका टाळा

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक आधी सांगते: मेंदूला मार लागलेल्या माणसाला तासभर समोर बसवून बोलत राहणं.

रबाळे एमआयडीसीत उंचावरून पडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), तेव्हा त्यांच्या जुन्या फाइलवर शेरा होता, ‘सहकार्य करत नाहीत’. आधीच्या ठिकाणी त्यांना दर वेळी तासभर बसवून विचारांची नोंद करायचे छापील तक्ते दिले जायचे. हे मान डोलवायचे. घरी पोचेपर्यंत डोक्यात काही उरायचं नाही, आणि पुढच्या वेळी तक्ते कोरेच परत यायचे. मार कपाळामागच्या भागाला होता. लक्ष टिकवणं, आखणी करणं, हातात घ्यायचं काम सुरू करणं, हे सगळं तिथूनच चालतं. म्हणजे जे बिघडलंय, त्याच्याच जोरावर गृहपाठ करून मागत होते, आणि झाला नाही म्हणून शेरा.

मी वेळ अर्ध्या तासावर आणली, तीही सकाळची गर्दी ओसरल्यावर. ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्यातला आवाज आणि धक्के सोसून ठाण्याला उतरलेल्या अशा माणसाची त्या दिवसाची ताकद फलाटावरच संपलेली असते. एका वेळी एकच मुद्दा. तो त्यांनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहायचा. मी लिहून दिलेला कागद घरी कुणी उघडत नाही. शेवटची पाच मिनिटं बायकोला आत बोलवायचं आणि वहीतलं त्यांनीच तिला वाचून दाखवायचं. बाकी आठवण फोनच्या गजरावर सोपवायची. असं चालू ठेवल्यावर खरं दुखणं बाहेर आलं. शब्द सापडेना की शाळेत जाणारा मुलगा यांचं वाक्य पुरं करायचा, आणि त्याची यांना इतकी लाज वाटायची की घरात बोलणंच बंद केलं होतं. मग मुलाला सांगितलं, बाबा थांबले की मनात दहापर्यंत मोज. त्या घरातलं बोलणं तिथून परत सुरू झालं.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी (ते तक्ते तिच्यातलेच), या लोकांना उपयोगी पडू शकते, पण त्यांच्या वेगाने. शनिवार-रविवारची कार्यशाळा करून सोमवारी तेच तक्ते वाटणाऱ्या नवख्यांवर माझा खरंच राग आहे. आधी न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीचा रिपोर्ट वाचा. या माणसाला किती वेळ लक्ष देता येतं, किती लक्षात राहतं, ते बघा. एवढाही धीर नसेल तर हे काम घेऊ नका.

दुसरी चूक घरच्यांची. “पूर्वी पहाटे उठायचा, आता आळशी झालाय.” मी विचारते, “वाईट वाटतं का रे?” “नाही.” “मग अंघोळीला का उठत नाहीस?” “माहीत नाही.” हा आळस नाही, आणि बऱ्याचदा नैराश्यही नाही. सुरुवात करून देणारी यंत्रणाच मंदावलेली असते. इथे उपदेश वाया जातो. ठरलेली वेळ, भिंतीवर लिहिलेला क्रम आणि “चल, टॉवेल घे” एवढी एकच सूचना, हे चालतं. उलट बाजूने, पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेऊन नुसत्या आकड्यावरून नैराश्य ठरवू नका. थकवा, झोप, एकाग्रता हे त्यातले प्रश्न मेंदूच्या इजेनेही ‘हो’ येतात.

टीव्हीवरची जाहिरात बघून हुंदके देणारा, नको तिथे हसत सुटणारा माणूस प्रत्येक वेळी दुःखी किंवा निर्लज्ज नसतो. मेंदूचा भावना आवरणारा लगाम सैल झाला की असं होतं. त्याला स्यूडोबल्बार अफेक्ट म्हणतात आणि त्यावर औषध आहे. त्या रडण्यामागे कारण शोधत बसू नका.

फिट येऊ नये म्हणून दिलेल्या लेव्हेटिरॅसिटामने काहींची चिडचिड वाढते. राग कधीपासून वाढला आणि गोळी कधी सुरू झाली, या तारखा शेजारी शेजारी लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

“सीटी नॉर्मल आहे, म्हणजे मनाचंच आहे.” नाही. मेंदूतल्या बारीक तंतूंची इजा सीटीत अनेकदा दिसत नाही.

दारू: एक पेगही नको.

पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईने देऊ नये.

आणि चार सेशनमध्ये फरक मागणाऱ्यांसाठी. काही महिन्यांनी माणूस जास्त उदास दिसायला लागला की घरचे म्हणतात, थेरपीने बिघडलं, आणि येणं थांबवतात. सुरुवातीला आपल्यात काय बदललंय हे त्यालाच कळत नसतं. भान परत येतं तेव्हा गेलेली नोकरी, तुटलेले मित्र, हातातून सुटलेली गाडीची चावी हे सगळं एकदम दिसतं. सगळ्यात जास्त आधार तेव्हा लागतो, आणि आपण नेमके तेव्हाच सोडतो. या काळात “मी नसतो तर बरं झालं असतं” असं तो म्हणाला तर विषय बदलू नका. मरायचा विचार येतो का, हे सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका, घरातल्या औषधांचा साठा स्वतःकडे घ्या, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत सरकारी नंबर चालू असतो, मराठीतही बोलता येतं.