पिनकोड हातानं फोडायचा कसा : ४१६००१

मोठा आकडा दिसला की पोरं डायरेक्ट मोबाईल काढतात. पण सहा अंकी आकडा फोडायचा, म्हणजे त्याचे मूळ अवयव काढायचे, हे वही-पेनवर आरामात जमतं भावांनो, म्हणून आपल्या कोल्हापूरचाच पिनकोड घेतो, ४१६००१.

आधी लिमिट ठरवा, म्हणजे कुठल्या आकड्यापर्यंत भागून बघायचं ते. आकडा फुटत असंल तर त्याचा एक तरी अवयव वर्गमुळाच्या आतच सापडतो. ६४५ चा वर्ग ४१६०२५, म्हणजे आपला आकडा त्याच्यापेक्षा फक्त २४ नं कमी, तर ६४४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्याच्यापुढं जायची गरजच नाही. घाबरू नका, एवढं लागत नाही.

शेवटी १ आहे, २ आणि ५ कटाप. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ नं भाग जातो, ९ नं नाही. भागलं की १३८६६७, आणि लिमिट पण खाली आलं, आता ३७२.

आता ७, ११, १३ नं वेगवेगळं भागत बसू नका. तिघांचा गुणाकार १००१ येतो, त्यामुळं मागून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि वजाबाकी करायची, उत्तराला ह्यातल्या ज्यानं भाग जात नाही त्यानं मूळच्या आकड्याला पण जात नाही. ६६७ वजा १३८ बरोबर ५२९. हा तर २३ चा वर्ग, त्यात २३ सोडून दुसरा मूळ अवयवच नाही! म्हणजे ७, ११, १३ तिघंही एका फटक्यात आऊट. आणि इथंच जरा थांबून ते गट परत बघा, १३८ म्हणजे २३ सक १३८, आणि ६६७ म्हणजे २३ गुणिले २९, दोन्ही गट २३ च्याच पाढ्यातले. पाढे पाठ असणाऱ्याला १७ आणि १९ करायच्या आधीच उत्तर दिसतं, ६०२९. (१७, १९ नं जात नाहीच, मी बघितलंय.)

६०२९ चं लिमिट ७७. तिथपर्यंत २३ पासून ७३ पर्यंतच्या मूळ संख्या लावा, बोअर काम आहे पण करायचं, एकानंही भाग जात नाही. म्हणजे ६०२९ मूळ संख्या, आणि ४१६००१ = ३ × २३ × ६०२९.

अवयव हातात आले की बाकीचं फुकटात मिळतं. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २×२×२ म्हणजे ८. त्यांची बेरीज, प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणलं की, ४ × २४ × ६०३० = ५७८८८०, त्यातनं आकडा स्वतः वजा केला की १६२८७९, आकड्याच्या निम्म्याला पण पोचत नाही, ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण संख्या असती तर ही बेरीज बरोबर आकड्याएवढीच आली असती. देवळालीचे गणिती कापरेकर गुरुजी, त्यांची हर्षद संख्या, म्हणजे अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी, ती पण ही नाही, कारण बेरीज १२ सम आणि आकडा विषम, भागायची पण गरज नाही.

हात बसवायचा असंल तर कोल्हापूरच्याच शिवाजी विद्यापीठाचा पिनकोड ४१६००४ घ्या. १२ नं लगेच भाग जातो, ३४६६७ उरतो, पण तिथून पुढं लिमिट १८६ आहे, चहा जवळ ठेवूनच बसा.