छोट्या राउटरसाठी एफआरआरचं पॅकेज कसं बांधावं

ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरसाठीच्या लिनक्सच्या) राउटरवर बीजीपी किंवा ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायचे प्रोटोकॉल, चालवायचे असतील, तर बऱ्याच लोकांना बर्ड हा राउटिंग प्रोग्राम पुरतो. तयार पॅकेज टाका आणि मोकळे व्हा. आयएस-आयएस हा तसाच आणखी एक प्रोटोकॉल हवा असेल, किंवा सिस्कोच्या धाटणीच्या कमांड बोटांत बसल्या असतील, तर मात्र एफआरआर, बर्डसारखाच पण मोठा राउटिंग संच. तेही ओपनडब्ल्यूआरटीच्या फीडमध्ये (पॅकेजांच्या संग्रहात) आयतं मिळतं. स्वतः बांधायची वेळ येते ती नवी आवृत्ती किंवा एखादा पॅच हवा असला की.

‘राउटरवरच जीसीसी कंपायलर टाकून कंपाइल करा’ हा सल्ला देणाऱ्याने १६ एमबी फ्लॅशचा राउटर हातात घेतलेला नसतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

१. एसडीके, म्हणजे लॅपटॉपवर बसून राउटरसाठी पॅकेज बांधायचा साधनसंच. राउटरवर चालू असलेल्या रिलीजचा आणि टार्गेटचाच (हार्डवेअरच्या प्रकाराचाच) घ्या, ‘साधारण तोच’ नको. दोन्ही गोष्टी राउटरवरच्या ओपनडब्ल्यूआरटी-रिलीज फाइलमध्ये लिहिलेल्या असतात.

२. मेकफाइल, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं त्याची कृती. कोऱ्या पानावर लिहायला बसू नका. फीडमधली उचला, आवृत्ती, हॅश आणि रिलीज क्रमांक बदला. एफआरआरची नवी आवृत्ती लिबयांग ही लायब्ररीही नवी मागू शकते, ते आधी बघा.

३. क्लिपी. माझे दोन शनिवार-रविवार इथे गेले.

एफआरआरच्या सी सोर्समध्ये कमांडच्या व्याख्या विखुरलेल्या असतात. त्या वाचून प्रत्येक कमांडचे शब्द सोडवणारा कोड तयार करतं ते क्लिपी. क्लिपी स्वतः सीमध्ये लिहिलेलं आहे, पण त्याच्या पोटात पायथन आहे. गोम अशी, की क्लिपीला बिल्ड सुरू असतानाच धावावं लागतं. म्हणजे ते तुमच्या लॅपटॉपसाठी बांधलेलं हवं, आणि त्याच सोर्समधला बाकीचा सगळा माल राउटरच्या मिप्स किंवा आर्म प्रोसेसरसाठी. एकाच झाडाला दोन जातींची फळं.

हे न सांगता कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) चालवलं की ते अडून बसतं. वेगळ्या बिल्ड डिरेक्टरीतून चालवा, नाहीतर ‘विथ-क्लिपी’ या पर्यायात तयार क्लिपीचा पत्ता द्या, असं म्हणतं. मी पहिला पर्याय घेतला, कारण तो सोपा दिसला. तसं केलं की कॉन्फिगर आतल्या आत दुसऱ्यांदा धावतं आणि क्लिपी स्वतः बांधू पाहतं. पण एसडीकेच्या वातावरणात पीकेजी-कॉन्फिगचं (लायब्ररी शोधून देणाऱ्या साधनाचं) तोंड राउटरच्या लायब्ररींकडे वळवलेलं असतं. माझ्याकडे हेडर एका पायथनची आणि लायब्ररी दुसऱ्याची, असा संसार मांडला गेला. एरर मात्र प्रत्येक वेळी वेगळी, त्यामुळे आपण पुढे सरकतोय असंच वाटत राहिलं.

मग त्याहून मोठा गाढवपणा केला. लॅपटॉपवर जुन्या एफआरआरचं क्लिपी पडलेलं होतं, त्याचाच पत्ता दिला. बिल्ड बरंच पुढे गेलं आणि नव्या आवृत्तीच्या एका फाइलवर कोसळलं. क्लिपी त्याच आवृत्तीच्या सोर्समधून बांधा, यात सूट नाही.

सरळ रस्ता असा. मेकफाइलमध्ये होस्ट बिल्डचा, म्हणजे लॅपटॉपसाठीच्या बिल्डचा, वेगळा भाग ठेवा. त्याला ‘एनेबल-क्लिपी-ओन्ली’ द्या, म्हणजे तो फक्त क्लिपी बांधून थांबेल. त्याच्या अवलंबनांत पायथन आणि लिबएल्फ लायब्ररी दोन्ही होस्टच्याच लिहा. लॅपटॉपवर आहेतच की, म्हणून गाळू नका. तयार झालेलं क्लिपी स्टेजिंगच्या (एसडीकेत तयार माल ठेवायच्या डिरेक्टरीच्या) होस्ट विभागात ठेवा. मुख्य बिल्ड या होस्ट बिल्डवर अवलंबून आहे हे नोंदवा आणि ‘विथ-क्लिपी’मध्ये तोच पत्ता द्या. फीडची मेकफाइल साधारण हेच करते. मी ती ‘आटोपशीर’ करायला गेलो आणि हाच भाग उडवून बसलो होतो.

बिल्ड झालं की क्लिपीवर आणि झेब्रावर (एफआरआरच्या मुख्य प्रोग्रामवर) ‘फाइल’ कमांड चालवा. पहिल्यावर लॅपटॉपचा प्रोसेसर दिसला पाहिजे, दुसऱ्यावर राउटरचा. पाच सेकंदांचं काम आहे, पण लोक तेवढंच टाळतात.

४. काटछाट. प्रत्येक डीमनचं (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामचं) वेगळं पॅकेज ठेवा, झेब्रा सगळ्यांच्या मुळाशी. नंतर टाकलेल्या पॅकेजपेक्षा फर्मवेअरच्या इमेजमध्येच भरलेलं पॅकेज कमी जागा खातं, कारण इमेजमधली स्क्वॉशएफएस ही फक्त वाचता येणारी फाइल सिस्टिम जास्त घट्ट दाबते. पण तिथून ते काढून टाकलं तरी जागा परत मिळत नाही.

५. सुरुवातीची स्क्रिप्ट. ओपनडब्ल्यूआरटीत ‘व्हार’ ही रॅममध्ये असते, रीबूट केलं की साफ. एफआरआरची रन डिरेक्टरी पॅकेजमध्ये भरून काही उपयोग नाही. ती स्क्रिप्टनेच दर वेळी बनवायची आणि योग्य युजरच्या नावावर करायची. कॉन्फिगरेशन फाइल कॉन्फफाइल्समध्ये (जपायच्या फाइलींच्या यादीत) लिहा, नाहीतर अपग्रेडमध्ये जुळवलेली सगळी सेटिंग जाईल.

६. राउटरवर. टाका आणि चालवा. फाइल समोर दिसतेय आणि शेल ‘नॉट फाउंड’ म्हणतंय, तर प्रोसेसर बरोबर आहे, सी लायब्ररी चुकली आहे: ओपनडब्ल्यूआरटीच्या मसलऐवजी डेस्कटॉप लिनक्सच्या ग्लिबसीचा लोडर मागितला जातोय. पहिल्याच ओळीत ‘सिंटॅक्स एरर’ आली, तर प्रोसेसरच चुकला. शेल त्या बायनरीला स्क्रिप्ट समजून वाचतंय.

यातली कुठलीच एरर नसेल, तर बीजीपीचे शेजारी, म्हणजे मार्ग देणारे-घेणारे दुसरे राउटर, जोडा. तेवढं मात्र सांभाळून: इंटरनेटचं पूर्ण आयपीव्ही४ टेबल नऊ लाख मार्गांच्या वर गेलं आहे, १२८ एमबी रॅमच्या राउटरला ते पाजू नका. डीफॉल्ट मार्ग आणि गरजेपुरते प्रीफिक्स (पत्त्यांचे गट), बाकी फिल्टरने अडवा.