रेडिओ आणि म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

मास मीडियाच्या मुलांचे प्रोजेक्ट सबमिशनच्या आधी वाचून द्यायचं काम मी काही वर्षं करतेय, आणि दरवेळी एकच गोष्ट दिसते. मुलं मेहनत घेतात, थिअरी पाठ असते, पण रेडिओ ऐकलेला नसतो आणि व्हिडिओ नीट बघितलेला नसतो. रेडिओवर लिहिताना ते कागदावरचा मजकूर वाचून लिहितात आणि म्युझिक व्हिडिओवर लिहिताना त्याची गोष्ट सांगतात. मार्क तिथेच जातात.

रेडिओपासून सुरू करू. एफएमवर प्रोजेक्ट असेल तर आर्जेची, म्हणजे रेडिओ जॉकीची, तीन मिनिटांची क्लिप यूट्यूबवर बघून लिहू नका प्लीज. ती क्लिप म्हणजे रेडिओ नाही, त्यातून गाणी, जाहिराती, टाइम चेक, जिंगल सगळं कापून टाकलेलं असतं आणि नेमकं तेच तर तुम्हाला अभ्यासायचंय. एक अख्खा तास लाइव्ह ऐका. वहीत तीन रकाने आखा: वेळ, काय वाजलं, किती सेकंद. सकाळी आठचा तास एकदा आणि रात्री दहाचा एकदा असं केलंत तर दोन पानांत इतकं काही सापडेल की पुस्तक उघडायच्या आधीच तुमचा अर्धा प्रोजेक्ट तयार असेल. जाहिरातींचा गठ्ठा कुठे येतो, त्याच्या अगदी आधी आर्जे कुठलं कोडं अर्धवट सोडतो, गाण्याच्या सुरुवातीच्या म्युझिकवर बोलत बोलत शब्द सुरू व्हायच्या बरोबर आधी कसा थांबतो, हे कानाला एकदा कळलं की परत विसरता येत नाही.

हीच चूक जुन्या कार्यक्रमांच्या बाबतीतही होते. गीतरामायणावर प्रोजेक्ट करणारे खूप असतात, आणि करावाच, पण सगळे ऐकतात ते बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, आकाशवाणी पुण्यावरून जे सुरू झालं ते वेगळं होतं. तिथे माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे गायक वेगवेगळ्या पात्रांसाठी गायले. आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी, म्हणजे ऐकणारा माणूस वर्षभर पुढच्या गाण्याची वाट बघत होता. सलग ऐकायची रेकॉर्ड आणि आठवडाभर थांबून ऐकायचा कार्यक्रम यांचा अनुभव एक कसा असेल? तुम्ही कशाचा अभ्यास करताय ते पहिल्या पानावरच लिहा, रेकॉर्डचा की प्रसारणाचा.

इतिहासाच्या प्रकरणात सनावळ्या उतरवून काढू नका. १९२७ ला मुंबई केंद्र, १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव, ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती, असं एकाखाली एक लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यांच्यातला धागा दाखवा ना. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, त्यांना शास्त्रीय संगीत पुढे आणायचं होतं, सरकारी रेडिओवरून फिल्मी गाणी जवळपास गायबच झाली. मग लोकांनी काय केलं, काटा फिरवून श्रीलंकेचा रेडिओ सिलोन लावला, जिथे त्याच वर्षी अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि ती रेकॉर्ड व्हायची कुठे तर मुंबईत! इथे बनलेला कार्यक्रम कोलंबोहून परत इथल्याच घरांत ऐकू येत होता. विविध भारती त्या निघून गेलेल्या श्रोत्यांना परत आणायला आली, आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या. असं सांगितलं की तारखा आपोआप लक्षात राहतात.

स्वतःचं स्टेशन प्लॅन करायला सांगतात तेव्हा बरेच ग्रुप प्रायव्हेट एफएम घेतात आणि त्यात स्वतःचे रिपोर्टर असलेलं बातमीपत्र टाकतात. हे चालत नाही. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाहीये, आकाशवाणीच्या बातम्याच घेता येतात, ट्रॅफिक आणि हवामान वगैरे सांगता येतं. कम्युनिटी रेडिओ घेत असाल तर म्हसवडचं माणदेशी तरंग किंवा पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी ऐका आधी, कारण शंभर वॉटच्या स्टेशनची भाषा आणि विषय त्याच्या आसपासच्या गावांचे असतात, ते मुंबईच्या एफएमची छोटी कॉपी नसतात.

आता स्क्रिप्ट. "सदर उपक्रमांतर्गत एकूण ४३७ विद्यार्थ्यांना लाभ झाला" हे वाक्य एका मुलीने माझ्यासमोर माइकवर वाचलं, तीनदा अडखळली. आम्ही ते बदललं: "सव्वाचारशेहून जास्त मुलं आली." एका दमात झालं. ऐकणाऱ्याला मागे जाऊन परत वाचता येत नाही, त्यामुळे "वर सांगितल्याप्रमाणे", "खालील मुद्दे" असलं काही रेडिओच्या स्क्रिप्टमध्ये नको. आकडा एकच द्या, आणि सव्वा, दीड, पावणे हे शब्द आपल्याकडे आहेत ते वापरा, कानाला पटकन कळतात.

रेकॉर्डिंग घरी करणार असाल तर रिकाम्या खोलीत करू नका, आवाज घुमतो आणि तो नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट जात नाही. साड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. पंखा बंद, फ्रिजचा आवाज येत असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा तिरका ठेवा, नाहीतर प, फ, भ आले की फट्कन हवा बसते. बोलायच्या आधी अर्धा मिनिट गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली जागा भरायला ती लागते, एकदम कोरी शांतता लावली तर ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओ बंद पडला.

म्युझिक व्हिडिओकडे येऊ. आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी गल्लत म्हणजे सिनेमाचं गाणं आणि म्युझिक व्हिडिओ एकच धरणं. म्युझिक व्हिडिओचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांची थिअरी सगळे लावतात, की कंपनीला गायकाचा चेहरा विकायचा असतो म्हणून क्लोजअप भरपूर असतात. ती एमटीव्ही या म्युझिक चॅनलवरच्या व्हिडिओंवरून आलेली आहे. आता हीच थिअरी सैराटमधल्या झिंगाटला लावून बघा. आवाज अजय-अतुलचा, पडद्यावर नाचतोय परश्या आणि त्याचे मित्र. क्लोजअप आहेत, पण ते गायकाचे नाहीतच, ते सिनेमा विकतायत! प्लेबॅकमुळे आवाज आणि चेहरा वेगळे झालेत, थिअरी इथे जशीच्या तशी बसत नाही, आणि ती का बसत नाही हे लिहिणं हाच खरा अभ्यास आहे. अलिशा चिनॉयचा १९९५ चा मेड इन इंडिया शेजारी ठेवा, तिथे गाणारीच समोर आहे, फरक लगेच दिसेल.

दुसरी गोष्ट, "मग हिरो येतो, मग पाऊस पडतो" असं लिहू नका. व्हिडिओ तीनदा बघा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून फक्त गाणं, आणि तिसऱ्यांदा दोन्ही मिळून, हातात पेन्सिल घेऊन, प्रत्येक कटला कागदावर एक रेघ. कट ठेक्यावर पडतोय की ठेक्याच्या किंचित आधी, कडव्यात कमी आणि धृपदात जास्त आहेत का, ते रेघांच्या गर्दीवरून दिसतं. आणि विषय निवडताना परदेशी पॉपस्टारच कशाला हवा, तुमच्या भागातली कोळीगीतं, लग्नातली गाणी, भीमगीतं यांचे व्हिडिओ घ्या, ते बनवणारी माणसं एखाद्या वेळेस दोन स्टेशनं पुढेच राहत असतील, मुलाखत मिळेल.

शूट करताना ओठ जुळत नाहीत ही तक्रार हमखास येते. मोबाइल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, स्वतःच कमीजास्त करत राहतो, त्यामुळे गाणं सुरुवातीला जुळतं आणि तिसऱ्या मिनिटाला सुटतं. फ्रेम रेट लॉक करता येईल असं कॅमेरा अ‍ॅप घ्या, २५ वर ठेवा, शटर स्पीड १/५० सेकंद. आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे, तिसाच्या सेटिंगवर ट्यूबलाइटखाली बऱ्याचदा चित्र लुकलुकतं. स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं असेल तर ५० फ्रेमवर शूट करा आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, गाणारा त्या वेगाने ओठ हलवेल, नंतर २५ वर आणलं की ओठ गाण्याला बसतात आणि केस, ओढणी, पाणी मात्र हळू. हे आदल्या रात्री घरी एका ओळीवर करून बघा, कारण दुप्पट वेगात कडवं म्हणणं तोंडात बसायला वेळ लागतो आणि ऊन कुणासाठी थांबत नाही.