खो-खो खेळताना या चुका टाळा

चांगले पळणारे गडी असूनही शाळेचा संघ मार खातो, तेव्हा बहुतेक वेळा घोळ पाठलागात असतो. गडी हाताशी आलेला असतो, घाईत फाऊल होतो, शिट्टी वाजते, पाठलाग करणाऱ्याला उलट्या दिशेने जावं लागतं आणि गडी निसटतो.

सगळ्यात जास्त फाऊल खो देताना होतात. खो पाठीमागूनच द्यायचा, आणि पाठीवर हात पडणं व तोंडातून ‘खो’ निघणं एकाच वेळी व्हायला हवं. मुलं दोन पावलं आधीच ओरडतात. बसलेला गडी आवाजावर उठतो आणि देणाऱ्याचा हात हवेतच राहतो. यावर सोपा इलाज आहे. सरावात काही वेळ तोंड बंद ठेवून नुसत्या स्पर्शाने खो द्या. बसणाऱ्याने डोळे मिटून घ्यायचे आणि पाठीवर हात पडला तरच उठायचं. ही सवय मुरली की मग आवाज जोडा. आडवी पाटी, म्हणजे बसलेला गडी ज्या आडव्या पट्ट्यात बसतो ती, ओलांडून पुढे गेलात, तर मागे हात टाकून त्या गड्याला खो देता येत नाही. सरळ पुढच्याला द्या. आणि खो दिल्यावर गंमत बघत उभे राहू नका, त्याच्या जागी लगेच बसा.

दिशेचंही तसंच. एकदा एका खांबाकडे निघालात की मध्येच वळता येत नाही, खांदा जास्त फिरला तरी पंच पकडतात. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग बघणारी मुलं तिच्यातल्या वजीराची, म्हणजे पाठलाग करणाऱ्या खास गड्याची, नक्कल करतात. त्याला कुठल्याही दिशेने पळता येतं, पण ती सवलत त्या स्पर्धेच्या नियमातली. शाळेच्या मैदानावर वजीर नसतो.

बसताना मांडी घालू नका. उकिडवं, पंजांवर भार देऊन बसा. हात-पाय पसरून पळणाऱ्याला अडवलंत आणि त्यामुळे तो बाद झाला, तर तो बाद धरत नाहीत.

आता पळणारे. नवखा गडी जीव खाऊन सरळ रेषेत पळतो आणि दमतो. पाठलाग करणाऱ्याला बसलेल्या दोघांच्या मधून जाता येत नाही, तुम्हाला येतं. हा तुमचा हुकमी एक्का. त्यांच्यामधून नागमोडी पळा, हुलकावणी द्या, नजर पाठलाग करणाऱ्यावर ठेवा. बसलेल्यांना धक्का मात्र लागू देऊ नका. तिघांची तुकडी बाद झाली की पुढच्या तिघांनी लगेच आत शिरायचं. रेंगाळलात तर न पळताच बाद. इथे पाठलाग करणारेही चुकतात. तिसरा गडी ज्याने बाद केला त्याने नव्या तुकडीमागे धावायचं नसतं, आधी खो द्यायचा.

पाठलाग करणाऱ्याने खांब धरून पळणाऱ्यावर झेप घ्यायची, हा खांबावरचा सूर बघायला देखणा, पण छाती आणि कोपरं फोडून घेणारे बरेच. खांब १२० ते १२५ सेंटिमीटर उंच असतो. एका हाताने तो घट्ट धरल्याशिवाय अंग झोकून देऊ नका. आधी चालत येऊन, मग हळू धावत, आणि तेही खडे वेचून पाणी मारलेल्या मऊ मातीवर. खांब खरखरीत असेल तर आधी पॉलिशपेपरने घासून घ्या.