पॅरोटिडचं कॅन्सर ऑपरेशन: घरच्यांनी आधी आणि नंतर काय पाहायचं

डोक्याची कातडी, कपाळ, कानशील किंवा कान इथला त्वचेचा कॅन्सर पुढे सरकला की बरेचदा कानापुढच्या पॅरोटिड लाळग्रंथीत उतरतो, कारण त्या भागाच्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) तिच्या आतच असतात. कातडीवरची गाठ काढून वर्ष-दोन वर्षं उलटली असली, तरी कानापुढे नवी गाठ लागल्यास गालगुंड समजून शेकत बसू नका.

ऑपरेशनआधी मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा: कपाळाला आठ्या, डोळे घट्ट मिटणं, दात दाखवणं, गाल फुगवणं. चेहरा हलवणारी नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) याच ग्रंथीतून जाते. ती चालत असेल तर सर्जन शक्यतो वाचवतात. ती आधीच लुळी पडली असेल, तर कॅन्सर नसेत शिरल्याची शंका येते. मग ती कापून मानेतली किंवा पायातली नस जोडावी लागू शकते. जोडलेल्या नसेची हालचाल दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. नस वाचली तरी काही आठवडे ते महिने तोंड वाकडं राहू शकतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे सगळं विचारून घ्या.

ऑपरेशननंतर ड्रेनमधलं (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतलं) पाणी रोज ठरल्या वेळी मोजून लिहा. २४ तासांत साधारण २०-३० मिलीखाली आलं की नळी काढतात. पहिल्या दिवशी गाल किंवा मान अचानक टणक फुगली, तर आत रक्त साचत असेल. लगेच नर्सला बोलवा. नंतर जेवताना सूज वाढत असेल, तर बहुधा लाळ साचते आहे. घरी टोचू नका. डॉक्टर सुईने काढून दाबपट्टी बांधतात.

डोळा पूर्ण मिटत नसेल तर सगळ्यात जास्त काळजी त्याची घ्या. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, बरेचदा दर एक-दोन तासांनी. रात्री मलम घालून पापणी बोटाने मिटवा आणि मगच टेप लावा. उघड्या डोळ्यावर थेट कापूस-गॉज ठेवण्याची चूक नेहमी होते, त्याने बुबुळ खरचटतं. पंख्याचा झोत तोंडावर नको. लाली, दुखणं, धूसर दिसणं: त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

कानाची पाळी बधिर राहते, म्हणून गरम पाण्याची पिशवी तिथे लावू नका.

रेडिएशन लागणार असेल, तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. किडके दात त्याआधीच काढून घ्या, नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून येत नाही अशी वेळ येऊ शकते.

काही महिन्यांनी जेवताना गालावर घाम येऊ लागला, तर तो कॅन्सर नाही. लाळेच्या नसा चुकून घामाच्या ग्रंथींना जुळलेल्या असतात. मानेत नवी गाठ लागली तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.