गावाची स्वतःची पवनचक्की अन् तिच्या पैशात गरीब घराचा वाटा, हे कसं जमवायचं

सातारचं वनकुसवडे, सांगलीचं ढालगाव, धुळ्याचं ब्राह्मणवेल, या पठारांवर पवनचक्क्या फिरत असतात आणि खाली गावात एखादी एकटी बाई बिल थकलं म्हणून कनेक्शन कापलेल्या घरात चिमणी लावून बसलेली असते, हे मला खरंच बघवत नाही. वारा गावाचाच आहे ना, मग त्यातला थोडा पैसा गावातल्या गरीब घरापर्यंत यायला काय हरकत आहे. आणि हे नुसतं स्वप्न नाही, आपल्याच देशात एका ग्रामपंचायतीने करून दाखवलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात मेट्टुपाळयमजवळ ओदंतुरई म्हणून पंचायत आहे. तिथे आर. षण्मुगम सरपंच होते, १९९६ पासून दहा वर्षं. पाणीपुरवठा आणि स्ट्रीट लाइटचं बिल वाढत चाललं तसं त्यांनी आधी छोटे उपाय केले, मग २००६ मध्ये पंचायतीने थेट ३५० किलोवॉटची पवनचक्की विकत घेतली. किंमत साधारण १ कोटी ५५ लाख, त्यातले ४० लाख पंचायतीने साठवलेले आणि बाकीचं बँकेचं कर्ज. चक्की त्यांच्या गावात नाहीच, ती आहे उदुमलपेटजवळ मैवाडीला, कारण पालघाट खिंडीतून येणारा वारा त्या बाजूला जोरात लागतो. वर्षाला साधारण पावणेसात लाख युनिट वीज होते, पंचायतीची गरज पावणेपाच लाखांची, उरलेली दोनेक लाख युनिट वीज मंडळाला विकायची. त्या वेळच्या २ रुपये ९० पैसे दराने एकूण विजेची किंमत धरली तर वर्षाला साडेएकोणीस लाख होतात, म्हणजे १ कोटी १५ लाखाचं कर्ज कसं फिटलं असेल ते तुम्हीच मांडून बघा. आणि हेच गाव गरिबांना घरकुलं मिळवून देण्यासाठीही ओळखलं जातं, म्हणजे बिलाचं ओझं हलकं करणं आणि गरिबांकडे बघणं ही दोन्ही कामं एकाच पंचायतीने केली.

आता आपल्या गावात काय करायचं. पहिलं काम फुकट आहे, गेल्या १२ महिन्यांची पंचायतीची सगळी वीजबिलं काढा, पाण्याची मोटर, दिवाबत्ती, शाळा, अंगणवाडी, सगळं, आणि एकूण किती युनिट लागले ते वहीत लिहा. रुपये नको, युनिट लिहा. हा आकडा हातात नसेल तर पुढे कुठलाही एजंट तुम्हाला काहीही सांगेल आणि तुम्ही मान डोलवाल.

मग वारा. गच्चीवर उभं राहून वारा मोजायचा नसतो, चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशाचे वाऱ्याचे नकाशे केलेत ते आधी बघा, आणि पैसे घालायची वेळ आली की जागेवर किमान वर्षभर मोजमाप पाहिजेच. वाऱ्याच्या वेगात थोडा फरक पडला तरी विजेत मोठा पडतो, सेकंदाला ५ मीटरचा वारा ६ वर गेला तर त्यातली ताकद जवळपास पावणेदोनपट होते. आणि कोणी सांगितलं की ३५० किलोवॉटची चक्की म्हणजे ३५० गुणिले वर्षाचे ८७६० तास, म्हणजे तीस लाखांच्या वर युनिट, तर त्याला सरळ उठवा, ओदंतुरईच्या चक्कीतून त्याच्या २२ टक्केच निघते आणि ते वाईट नाही, वारा असाच असतो. आपल्याकडे तर बहुतेक वीज जून ते सप्टेंबरातच होते, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लागणार आहे.

अडचण अशी की आता मशीन मोठी झालीत, दोन-तीन मेगावॉटची, त्यांना कित्येक कोटी लागतात, एकट्या गावाला ते झेपणार नाही. इथे मला स्कॉटलंडमधल्या फिंट्री गावाचं फार पटतं. त्यांच्या डोंगरावर कंपनीची १४ चक्क्यांची योजना आली तेव्हा गाव देणगी मागत बसलं नाही, त्यांनी म्हटलं पंधरावी उभी करा आणि ती आमची. पैसे कंपनीने घातले आणि गाव ते १५ वर्षांत त्या चक्कीच्याच कमाईतून फेडणार असं ठरलं. २००७ मध्ये ती सुरू झाली. तिथे गॅसची पाइपलाइन नाही, थंडीत घर गरम ठेवायचा खर्च लोकांना जड जायचा, म्हणून पहिला पैसा घरांची छपरं आणि भिंती ऊब धरतील अशा करण्यावर लावला. तेव्हा तुमच्या पठारावर डेव्हलपर, म्हणजे चक्क्या उभारणाऱ्या कंपनीचा माणूस, सातबारा बघत फिरायला लागला की गावाने कमान आणि देवळाचा रंग मागू नये, हिस्सा मागावा, आणि तो सुद्धा जमिनीचे करार व्हायच्या आधी, नंतर तुमचं कोण ऐकणार.

कायद्याचं थोडक्यात सांगते. स्वतःच्या वापरासाठी चार गावांनी मिळून केलं तर वापरणाऱ्यांची मालकी किमान २६ टक्के आणि वर्षातला वापर किमान ५१ टक्के लागतो. २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांत, म्हणजे वारा-सूर्याची वीज वीज कंपनीच्या तारांवरून आपल्यापर्यंत आणायच्या नियमांत, स्वतःच्या वापराच्या विजेला किमान इतका लोड हवा अशी अट नाही, पण ग्रिडमध्ये, म्हणजे त्या तारांच्या जाळ्यात, जमा धरलेल्या विजेचा हिशोब महिन्याचा महिन्यात मिटू शकतो, म्हणजे जुलैची वीज मार्चच्या बिलात वळती होईल असं धरून चालू नका. महावितरणचे वहनाचे, म्हणजे वीज वाहून आणायचे, आणि बाकीचे आकार आधीच लेखी घ्या आणि हिशोब तपासायला गावाबाहेरचा एखादा सीए बसवा.

आता माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, पैसा वाटायचा कसा. हे चक्की उभी राहायच्या आधी ठरावात लिहा, कारण एकदा पैसा आला की पहिल्याच वर्षी सभामंडप निघतो आणि गरीब घर रांगेत शेवटी जातं. क्रम असा ठेवा: कर्जाचा हप्ता, देखभाल आणि विमा, मोठ्या बिघाडासाठी राखीव ठेव, आणि त्यानंतर जे उरेल त्यातला ठरलेला टक्का फक्त गरीब घरांसाठी, त्याचं बँक खातं वेगळं, पंचायतीच्या खात्यात मिसळायचं नाही. आणि यंदाच्या वाऱ्याचा पैसा यंदा वाटू नका! गेल्या पावसाळ्यात जे कमावलं ते या मे-जूनमध्ये द्या, शाळेच्या वह्या-गणवेश, पेरणी, छपराची डागडुजी सगळं तेव्हाच अंगावर येतं, आणि एखाद्या वर्षी वारा कमी झाला तरी कबूल केलेली मदत थांबत नाही. दर महिन्याला अमुक रुपये देऊ असं वचन मात्र कधीच देऊ नका, जानेवारीत चक्की नीट फिरत नाही आणि तुम्ही त्या माणसाला उपाशी ठेवता.

कोणाला द्यायचं? नुसती पिवळ्या रेशनकार्डाची यादी लावू नका, त्यात खरे गरीब सुटलेले असतात, एकटी बाई, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, आईबाप नसलेली पोरं. वस्तीवर जाऊन यादी करा, आणि ऊसतोडीचे लोक परत आल्यावरच करा, दिवाळीनंतर केली की त्यांची घरं कुलूपबंद सापडतात. मग ती यादी आधी महिला सभेत मांडा, कोणाच्या घरात चूल पेटत नाही हे बायकांना पक्कं माहीत असतं. नावं चावडीवर मोठ्याने वाचून माणसाला लाजवू नका, आकडा जाहीर करा, किती घरं आणि किती रुपये. मदत थकलेल्या बिलात भरायची असेल तर त्या ग्राहक क्रमांकावर परस्पर भरा, पावती त्या घरात द्या.

१ मेच्या ग्रामसभेला एवढंच न्या: १२ महिन्यांच्या युनिटांची वही, वाऱ्याचा नकाशा, आणि वाटपाच्या टक्क्याचा कच्चा ठराव. डेव्हलपरशी बोलायला दोन बायका आणि दोन पुरुष अशी चार माणसं त्याच दिवशी निवडून घ्या.