अक्षता पडताना चित्र फुटू नये म्हणून: कॅसेटची डीव्हीडी करण्याआधीची तयारी

लग्नाच्या जुन्या कॅसेटची डीव्हीडी केली की तक्रार ठरलेल्या जागी येते. सीमांतपूजन छान दिसतं, मंगलाष्टकंही ठीक दिसतात, आणि शेवटचं ‘सावधान’ होऊन अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, फ्लॅश चमकले की नेमके तिथेच चौकोन चौकोन होतात. ज्या क्षणासाठी सगळा खटाटोप केला, त्याच क्षणी नवरा-नवरीचे चेहरे पुसले जातात. यामागचं कारण समजून घेतलं तर पुढची सगळी तयारी आपोआप उलगडते. डीव्हीडीवरचं एमपीईजी-२ प्रत्येक चित्र पुरतं साठवत नाही. काही चित्रं पूर्ण ठेवतं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं लिहितं. अक्षतेचा दाणा न् दाणा वेगळ्या दिशेला जातो, फ्लॅशने अख्ख्या चित्राचा उजेड बदलतो, होमाच्या धुराला तर कडाच नसते. एका क्षणात सगळंच बदललं की नेमून दिलेली जागा अपुरी पडते आणि बारकावे गळतात. बडोद्यात हीच परीक्षा घेणारा दुसरा प्रसंग म्हणजे गरबा. एम. एस. विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सच्या मैदानावरचे गोल फिरणारे घेर, आरशांची लकाकी आणि रात्रीचा कमी उजेड, तिन्ही गोष्टी एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून एमपीईजी-२ करणाऱ्या सॉफ्टवेअरला, जड जातात.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर बदलण्याआधी बिघाड कुठे शिरतो ते शोधा. खराब दिसणारा एकच प्रसंग निवडा आणि तो चार ठिकाणी बघा: व्हीसीआर थेट टीव्हीला जोडून, कॅप्चर केलेल्या (कंप्युटरवर उतरवलेल्या) फाइलमध्ये, एन्कोड झालेल्या फाइलमध्ये आणि तयार डिस्कवर. चित्र जिथे पहिल्यांदा बिघडलेलं दिसेल तिथेच दुरुस्ती करायची. बऱ्याचदा माणसं एन्कोडरची सेटिंग्ज रात्र रात्र फिरवत बसतात आणि दोष निघतो ट्रॅकिंगचा, म्हणजे फीत आणि व्हीसीआरचं हेड यांच्या जुळणीचा. कंप्युटरवर बघताना हलत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर तो बिघाड समजू नका. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या फील्डचं मिळून होतं, म्हणजे सेकंदाला पन्नास फील्ड. कंप्युटर ती दोन्ही एकदम दाखवतो म्हणून रेघा दिसतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की त्या जातात, आणि डीव्हीडी प्लेअर व टीव्ही मिळून हे काम करतातच.

आता कॅसेटकडे वळा. कॅसेटच्या खिडकीतून रीळ उजेडात धरून बघा. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. बडोद्याच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या बॅगेत ठेवलेल्या कॅसेटला ती सहज लागते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेडला बुरशी लागेल आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाईल. २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या भिजलेल्या कॅसेटबद्दलही हेच. वरून कोरडी दिसली तरी आत गाळ राहतो. ती जाणकाराकडून उघडून साफ करून घ्यावी, त्याला दुसरा उपाय नाही. चांगल्या कॅसेट खोलीच्या हवेत दिवसभर राहू द्या, मग एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून पुन्हा मागे आणा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते. एकाच लग्नाच्या दोन कॅसेट असतील तर मास्टर कुठली आणि नातेवाइकांसाठी काढलेली कॉपी कुठली ते आधी ठरवा. व्हीएचएसची कॉपी म्हणजे एक पिढी खालची. रंग पसरतात, कडा ढिल्या होतात. मास्टर मावशीकडे असेल तर मागून आणा, तेवढे कष्ट नक्की घ्या.

व्हीसीआरचं हेड साफ करायचं तर आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. कापड ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलावर, हलकेच धरून ठेवायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासायचं नाही. कापसाची काडी तर नकोच, तिचा तंतू अडकून हेड तुटतं. साफ केल्यावर ट्रॅकिंग त्या त्या कॅसेटसाठी जुळवा, कारण ज्या यंत्रावर शूटिंग झालं त्याची आणि तुमची जुळणी वेगळी असू शकते. एस-व्हिडिओचा सॉकेट असलेला व्हीसीआर किंवा कॅमेरा मिळाला तर पिवळ्या केबलपेक्षा तीच वाट घ्या. उभ्या कडा लाटेसारख्या हलत असतील, म्हणजे मांडवाचे खांब वाकडे होऊन थरथरत असतील, तर टाइम बेस करेक्टर, म्हणजे प्रत्येक ओळ वेळेवर सुरू करून कडा सरळ करणारी सोय, असलेलं यंत्र लागेल. ते एन्कोडिंगमध्ये दुरुस्त होत नाही.

कॅप्चरसाठी जागा मोकळी ठेवा. मिनीडीव्ही ही छोटी डिजिटल कॅसेट फायरवायर केबलने उतरवली तर तासाला साधारण १३ जीबी लागतात, आणि ती फाइल म्हणजे कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा. व्हीएचएस मात्र अॅनालॉग. ती हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस (काही न गाळता साठवणाऱ्या) कोडेकमध्ये घेतली तर तासाला तीसेक जीबी धरून चाला. स्वस्त यूएसबी कॅप्चरबरोबर येणारं सॉफ्टवेअर बहुधा थेट एमपीईजीमध्ये उतरवतं. ते टाळा, कारण डिस्क बनवताना पुन्हा एन्कोड झालं की चौकोनांवर चौकोन चढतात. कंप्युटरची हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असू द्या. एफएटी-३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. उपकरण हबमध्ये न लावता कंप्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, कॅप्चर चालू असताना दुसरं काही उघडू नका आणि शेवटी किती फ्रेम गळल्या तो आकडा बघा. तो शून्य नसेल तर आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे जाणार. कॅप्चरचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट एखाद्या पांढऱ्या प्रसंगावर ठरवा. गजऱ्यातल्या कळ्या वेगवेगळ्या दिसायला हव्यात. त्यांचा एक पांढरा गोळा दिसत असेल तर उजेड कमी करा. तिथे हरवलेला बारकावा नंतर कुठूनही येत नाही.

बडोद्यातल्या बऱ्याच घरांत अमेरिकेहून आलेली एखादी कॅसेट असते. ती एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही-पद्धत) निघाली तर तिचं पाल करू नका. सेकंदाला २९.९७ चित्रांचं पंचवीस करताना हालचाल अडखळते. एनटीएससीमध्येच कॅप्चर करा, ७२० गुणिले ४८० ठिपक्यांची वेगळी डिस्क करा. आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती दाखवतात. पालची चौकट ७२० गुणिले ५७६.

यानंतर कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण चौकोनांचं खरं मूळ इथे असतं. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं. ई-१८० कॅसेट तीन तासांची. ४७० कोटी बाइटना आठने गुणून १०,८०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला ३,४८० किलोबिटच्या आसपास येतात. त्यातून मेनू आणि इतर बांधणीसाठी पाच टक्के आणि आवाजाचे १९२ वजा केले की चित्राला जेमतेम ३,१०० उरतात. एवढ्यात बसून बोलणारी माणसं चांगली दिसतील, पण अक्षता आणि गरबा फुटणारच. तीच कॅसेट दीड-दीड तासाच्या दोन डिस्कवर वाटली तर चित्राला ६,४०० मिळतात आणि फरक डोळ्यांना लगेच कळतो. माझं मत स्पष्ट आहे: दोन डिस्क करा. एकीवर विधी, दुसरीवर जेवणावळ आणि स्वागत समारंभ, अशी वाटणी घरच्यांनाही सोयीची पडते. एकच डिस्क हवी असेल तर ८.५ जीबीची दुहेरी थराची घ्या, किंवा चित्राची रुंदी अर्धी करून ३५२ गुणिले ५७६ ठेवा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळातच सुमारे २४० रेषांचा, त्यामुळे रुंदी घटवून फारसं काही जात नाही आणि उरलेल्या प्रत्येक ठिपक्याला जास्त बिट मिळतात. डीव्हीडीच्या नियमांत हे माप बसतं.

आवाज पीसीएममध्ये (न दाबता) ठेवला तर तो एकटा १,५३६ किलोबिट खातो, म्हणून एसी-३ (दाबलेला आवाज) घ्या, ४८ किलोहर्ट्झवर. एन्कोडरमध्ये टू-पास व्हेरिएबल बिटरेट निवडा. पहिल्या फेरीत तो अवघड जागा हेरतो, दुसऱ्या फेरीत मुहूर्ताच्या वाट बघण्यातून वाचवलेले बिट अक्षतांना देतो. नियमाने चित्राची कमाल मर्यादा ९,८०० आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तेवढ्याला अडखळतात; कमाल ८,००० वर थांबा. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरचं पाल-डीव्हीडी टार्गेट (तयार सेटिंग) वापरत असाल तर ते चित्राला ६,००० आणि आवाजाला ४४८ धरतं, तेव्हा लांब कॅसेटसाठी आकडे स्वतः द्या, नाहीतर फाइल डिस्कवर मावणार नाही.

फील्डचा क्रम चुकला तर गरबा पुढे-मागे झटके देत नाचतो. डीव्ही फाइलमध्ये खालचं फील्ड आधी असतं, पाल व्हीएचएसच्या कॅप्चरमध्ये बहुधा वरचं. एन्कोडरला तेच सांगा आणि डीइंटरलेस करू नका. तसं केलं की पन्नास फील्डची सळसळ पंचवीस चित्रांवर येते. इंटरलेस (दोन फील्डच्या) चित्राची उंचीही बदलू नका, त्याने फील्ड एकमेकांत मिसळतात. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसते ती कापून चित्र ताणण्यापेक्षा तेवढ्या ओळींवर काळी पट्टी टाका, काळ्याला बिट जवळजवळ लागत नाहीत. कॅसेटचे मुंग्यांसारखे ठिपके एन्कोडरला हालचाल वाटतात आणि बिट त्यांच्यावर खर्च होतात, म्हणून डीनॉइज (ठिपके पुसणारा फिल्टर) जरूर लावा, मात्र बेताने. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसेनाशा झाल्या तर लगेच कमी करा. शार्पन मात्र लावू नका.

मोबाइलच्या क्लिप जोडायच्या असतील तर व्हॉट्सअॅपवरून आलेल्या नकोत. पाठवणाऱ्याला मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

सगळी कॅसेट एन्कोडला लावण्याआधी अक्षता, फ्लॅश आणि गरबा असलेली पाचेक मिनिटं कापून एकत्र करा, ठरवलेल्या आकड्यांवर एन्कोड करा, पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर बर्न करा आणि ज्या टीव्हीवर काका-काकू बघणार आहेत त्याच टीव्हीवर लावून बघा. माणसं जाड दिसली तर टीव्ही ४:३ चं चित्र ताणतो आहे. रिमोटवरून माप बदला. शार्पनेस आणि व्हिव्हिड मोड कमी करा, त्यांनी चौकोनांच्या कडा उठून दिसतात. प्लेअरला एचडीएमआय असेल तर पिवळी केबल काढा.

शेवटची डिस्क ८ एक्सच्या पुढच्या वेगाने बर्न करू नका आणि व्हेरिफाय चालू ठेवा. चित्र फक्त शेवटच्या अर्ध्या तासात फुटत असेल आणि कंप्युटरवरची फाइल नीट असेल, तर दोष बर्निंगचा आहे. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि कडेजवळ चुका जास्त होतात. कागदाचं लेबल चिकटवू नका, सीडी मार्करने वरच्या बाजूला नाव आणि वर्ष लिहा. कॅप्चरची मोठी फाइल पुसू नका, एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि कॅसेट पुन्हा डब्यात घालून उभी ठेवा.